आसवांच्या शोधात

मराठी भाषा एरवी शब्दांच्या बाबतीत कंजूष नाही; पण मद्याचा विषय निघाला की तिची झोळी एकाएकी रिकामी होते. मोहाची, जवाची, काजूची, द्राक्षांची, सारी एकजात ‘दारू’! बंदुकीत ठासतात तीही दारू आणि दिवाळीत उडवतात तीही शोभेची दारूच. असा स्फोटक शब्द ज्या घरात कुजबुजूनच उच्चारला जाई, त्या घरातल्या मुलाने शिलाँगला बदली होताच फळांच्या वाइनचा नाद लावून घ्यावा, ही काही घरी कळवण्याजोगी वार्ता नव्हती. मी ती कळवली नाही.

प्रारंभी मी रीतसर दुकानात गेलो. फळीवर नाशिकची बाटली दिसली तेव्हा परमुलखात गावचा माणूस भेटावा तसे वाटले. पण किंमत वाचून ओळख आवरती घेतली. मद्यावरचा कर हा ज्या त्या राज्याचा स्वतंत्र कारभार. वस्तू व सेवा कराच्या एकछत्री अमलाखाली तो आलेला नाही. त्यामुळे नाशिकची द्राक्षे खासी टेकड्या चढून येईपर्यंत त्यांच्या अंगावर प्रवासाचे आणि करांचे इतके थर साचतात की कारकुनाने बाटलीला दुरून नमस्कार करून पुढे जावे. विलायती बाटल्यांच्या वाटेला तर मी गेलोच नाही.

माझा शोध संपला, किंवा खरे म्हणजे सुरू झाला, तो घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात. खासी समाजात घर धाकट्या मुलीकडे जाते. ही बाई तशी धाकटी मुलगी. आईकडून तिला घर मिळाले आणि घराबरोबर वाइन करण्याची हातोटीही. सारे तिला ‘कोंग’, म्हणजे थोरली बहीण, म्हणतात. मीही म्हणू लागलो. एका पावसाळी रविवारी भाडे द्यायला गेलो असता तिने रीतीप्रमाणे पानसुपारी पुढे केली आणि मागून एका साध्या काचेच्या पेल्यात लालसर काहीतरी ठेवले. ते आलुबुखाराचे होते. पहिला घोट आंबट, मग मागाहून सालीचा किंचित तुरटपणा, आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा फळाचा वास. बाहेर पाऊस कोसळत होता. मला एकदम आजोळच्या परसातले, पावसात भिजलेले जांभळाचे झाड आठवले. दोन पदार्थांचा तसा काही संबंध नव्हता.

त्या दिवसापासून मी शिलाँगचे वर्ष फळांवरून मोजू लागलो. बडा बाजार, ज्याला खासी लोक इउदुह म्हणतात, त्याचा बराचसा कारभार बायकांच्या हाती आहे. खासीत ‘सोह’ म्हणजे फळ. मार्चएप्रिलात टोपल्यांतून सोहफी येते; ती लोक मीठमिरची लावून खातात आणि पाहणाऱ्याच्याही तोंडाला पाणी सुटते. तिची वाइन मात्र फार आंबट. दुसऱ्या पेल्याची इच्छा होत नाही. जूनच्या आसपास आलुबुखार, त्यामागून पीच. अननसाच्या वाइनचा वास इतका मोहक की चवीने तेवढी उंची गाठणे अशक्यच. ते आसव हुंगून ठेवून द्यावे. आणि पावसाळा उतरणीला लागला की येते ते सोहिओंग. ‘इओंग’ म्हणजे काळे. बोराएवढे, जांभळट काळे, खाल्ले की बोटे आणि ओठ दोन्ही रंगवणारे हे फळ माझ्या मते साऱ्यांचा राजा आहे. त्याच्या वाइनला रंग, आंबटपणा आणि तुरटपणा तिन्ही आहेत. आणि कोंगकडची बाटली नाशिकच्या बाटलीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडे.

पुढे स्वतः करून पाहण्याची बुद्धी झाली. कृती सोपी वाटते: फळे कुस्करावी, साखर व पाणी घालावे, यीस्ट घालून भांड्याच्या तोंडाला फडके बांधावे. यीस्ट साखर खाते. तिचे मद्यार्क होते आणि वायू बुडबुड्यांनी निघून जातो. बुडबुडे मंदावले की मात्र हवा आत शिरता कामा नये. मी पहिल्या हिवाळ्यात संत्र्यांवर हात चालवला आणि हवेचा नियम विसरलो. दीड महिन्याने माझ्या पदरी उत्तम प्रतीचा सिरका पडला. कोंगने त्यात मिरच्या बुडवून ठेवल्या व मला काही म्हटले नाही.

कायद्याची भीती नव्हती. वर्षानुवर्षे घरोघर चालत आलेल्या या उद्योगाला मेघालय सरकारने 2020 साली मान्यता दिली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर मद्यावर देखरेख करणारा सुराध्यक्ष आहे, आणि गृहस्थांना प्रसंगी घरी सुरा करण्याची, औषधासाठी अरिष्ट करण्याची सवलतही आहे. सरकारी नोकराला एवढा आधार पुरे व्हावा. पण मला आधार हवा होता तो वेगळ्याच ठिकाणाहून.

गेल्या ऑक्टोबरात अण्णा शिलाँगला आले. मित्राच्या मुलाच्या लग्नात पेले दिसले म्हणून जेवणाच्या ताटावरून उठून आलेला हा माणूस. मी बाटल्या तांदळाच्या डब्यामागे सारल्या होत्या. आणि अण्णांना पहाटे उठून चहा करायची सवय आहे हे विसरलो होतो. स्वयंपाकघरात गेलो तो बाटली ओट्यावर, आणि चष्मा कपाळावर सरकवून अण्णा तिच्यावरची चिठ्ठी वाचत होते.

“काय हे?”

“आसव,” मी म्हणालो. तोंडातून हाच शब्द आला.

अण्णांनी बूच काढून वास घेतला. बराच वेळ घेतला. मग म्हणाले, “धायटीची फुले घातलीस?”

तेव्हा मला कळले की ते कोठे पोचले होते. माझी आजी घरी द्राक्षासव करी. मनुकांच्या काढ्यात गूळ आणि धायटीची फुले घालून मडक्याचे तोंड लिंपी आणि ते धान्याच्या राशीत पुरून ठेवी. जेवणानंतर दोन चमचे, तितक्याच पाण्यातून. ते आंबवलेलेच असे, त्यात मद्यार्कही असे. पण त्याला कोणी कधी दारू म्हटले नाही.

“नाही. यीस्ट घातले,” मी म्हणालो.

“केव्हा व्हायचे हे तयार?”

“कोंग म्हणते, वर्षभर मुरले पाहिजे. पुढच्या सप्टेंबरात. तोवर माझी बदली झालेली असेल. तिच्याकडेच ठेवून जाईन म्हणतो.”

अण्णांनी बूच घट्ट बसवले. चव घेतली नाही. मीही आग्रह केला नाही. चिठ्ठीवर मी लिहिले होते, ‘सोहिओंग, सप्टेंबर’.

“साल कुठे आहे? आई बरणीवर साल घातल्याशिवाय ती फळीवर चढवीत नसे.”

त्यांनी खिशातले पेन काढले, सप्टेंबरच्या पुढे साल घातले, शाई वाळेपर्यंत चिठ्ठीवर फुंकर घातली, आणि बाटली होती तेथेच, तांदळाच्या डब्यामागे, ठेवून दिली.