आठवा खांब

१.
वरळी कोळीवाड्याला ग्रामपंचायत नाही, सरपंच नाही, ग्रामसेवक नाही. गाव मात्र आहे. गावठाण, बंदर, किल्ला, ग्रामदेवता, यात्रा, सगळं जागच्या जागी. रस्त्याची तक्रार करायची तर ना. म. जोशी मार्गावर धनमिल नाक्याला पालिकेच्या जी-दक्षिण विभागाच्या कार्यालयात जायचं. तिथे परिरक्षण खातं विचारायचं. खड्डा कोळीवाड्यात, खातं गिरणगावात.

२.
इथल्या वाटांची रुंदी मोजायला टेप लागत नाही. डोक्यावर टोपली घेतलेल्या दोघी शेजारून गेल्या तर तो रस्ता. एकीला थांबावं लागलं तर गल्ली. दोघींनाही भिंतीला पाठ लावावी लागली तर बोळ. पालिकेच्या नकाशात तिन्ही एकाच जाडीच्या रेघा.

३.
बोळात पेव्हर ब्लॉक का घालतात, याचं कारण जमिनीखाली आहे. पाण्याची लाइन, मलवाहिनी, विजेची केबल, इंटरनेटवाल्याची नळी, सगळ्यांना तेवढ्याच जागेतून जायचं असतं आणि सगळ्यांना वेगवेगळ्या महिन्यांत खोदायचं असतं. काँक्रीट फोडावं लागतं, ब्लॉक नुसते उचलता येतात. कागदावर युक्ती चोख आहे. पण ब्लॉक बसतो रेतीच्या थरावर. चर बुजवताना माती नीट धुमसली नाही की रेती हळूहळू गटारात उतरते, ब्लॉक डुगडुगतो, आणि पावसात त्यावर पाय पडला की पिचकारी थेट गुडघ्यापर्यंत.

शिवाय उचलले तितके परत बसत नाहीत. उरलेले सापडतात: ताडपत्रीवर वजन म्हणून, तुळशीखाली, पिंपाखाली, स्कूटरच्या स्टँडखाली. एवढा चौफेर वापर दुसऱ्या कुठल्या सार्वजनिक मालमत्तेचा होत नसेल.

४.
लादीखाली जुनी लादी, तिच्याखाली कोबा, त्याखाली दगड. दर निवडणुकीला घरांचे उंबरे थोडे खाली जातात.

५.
वरळीचं सर्वांत जुनं गाजलेलं सार्वजनिक काम म्हणजे हॉर्नबी वेलार्ड. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधून आत घुसणारा समुद्र अडवणारा हा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला. विल्यम हॉर्नबी तेव्हा गव्हर्नर. लंडनच्या साहेबांनी खर्च नामंजूर केला होता आणि यानं काम आधीच काढलं होतं, असं सांगतात.

बांध पुन्हा पुन्हा ढासळायचा. मग रामजी शिवजी या पाठारे प्रभू अभियंत्याच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढल्या, देऊळ बांधलं आणि बांध टिकला, ही दंतकथा. ढासळण्याचं कारण दैवी असू शकतं, हे तेव्हापासून मान्य आहे.

६.
गोलफादेवी टेकडीवर. कोळी कौल लावतात तो समुद्रात जायच्या आधी, लग्न ठरवायच्या आधी. रस्त्याच्या कामासाठी कौल लावल्याचं ऐकलेलं नाही. देवीलाही काही मर्यादा असाव्यात.

७.
१ जूनपासून यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. पावसाळा आला म्हणून रस्ते खोदायलाही साधारण तेव्हाच बंदी.

पहिल्या बंदीत होड्या वर ओढतात, तळ खरवडतात, फटी बुजवतात, रंग लावतात, जाळी उसवून पुन्हा विणतात.

दुसऱ्या बंदीत बॅरिकेड उभे असतात.

८.
पालिकेनं डांबर प्रकल्प उभारला तो वरळीतच. गरम डांबर-खडीला कोरडा रस्ता लागतो. तो जुलैत मिळत नाही. म्हणून कोल्ड मिक्स, म्हणजे पोतं फोडा, खड्ड्यात ओता, ठोका, चला. २०१७ च्या सुमारास ते ऑस्ट्रिया आणि इस्रायलहून मागवलं, नंतर वरळीत बनवायला घेतलं.

तेल अवीवला वर्षभरात साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ पडला होता.

९.
मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेली, तेही ओहोटी असेल तर. पर्जन्य जलवाहिन्यांवरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानं हा आकडा ५० वर न्यायला सांगितलं. भरतीला समुद्राची पातळी गटाराच्या तोंडापेक्षा वर जाते, आणि दार उघडं ठेवलं तर शहराचं पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्र आत येतो. म्हणून दार लावायचं आणि पाणी पंपानं उचलून पलीकडे टाकायचं. लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर, दोन्ही उदंचन केंद्रं वरळीत.

म्हणजे मध्य मुंबईतला रस्ता कोरडा आहे की नाही, ते कोळ्यांच्या बंदराशेजारचा एक पंप ठरवतो. बंदरावर मात्र अजून दिव्याच्या खांबाचीच मागणी चालू होती, मी गेलो तेव्हा.

१०.
मेट्रो ३ वरळी नाक्यापर्यंत आली १० मे २०२५ ला. स्थानकाचं नाव आचार्य अत्रे चौक. २६ मेला पाऊस आला, अपूर्ण प्रवेशद्वाराची भिंत गेली आणि पाणी फलाटावर उतरलं. पर्जन्य जलवाहिन्यांचे अभियंते ज्या इमारतीत बसतात ते पालिकेचं इंजिनिअरिंग हबही वरळी नाक्यालाच.

अत्र्यांनी यावर अग्रलेख लिहिला असता, असं त्या आठवड्यात जो भेटला तो म्हणाला. कुणी लिहिला नाही.

११.
मार्च २०२० च्या अखेरीस कोविडमुळे कोळीवाडा सील केला. गाव बंद करायचं तर गावात शिरायच्या वाटा आधी मोजाव्या लागतात. एरवी ती मोजदाद कोण करतो?

१२.
आता मोठं काम.

किनारी रस्ता मरीन ड्राइव्हहून निघतो आणि वरळीला सागरी सेतूला मिळतो. १०.५८ किलोमीटर. डिसेंबर २०१८ ला भूमिपूजन. वरळीच्या टोकाला तो जिथे समुद्रावरून सेतूकडे वळतो, नेमकी तिथूनच कोळ्यांची बंदरात यायची-जायची वाट. ती वाट नकाशावर निळी असते, म्हणून रिकामी दिसते. पण तीही वाटच. खाली खडक आहेत, ते कुठे आहेत हे नाखव्याला पाठ असतं. ओढ कुठल्या प्रहराला कुठे नेते हेही.

आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर होतं. तज्ज्ञांच्या मते होडी जायला भरपूर. होडीची रुंदी काही मीटर, मग साठात काय अडचण? कोळी म्हणत होते की होडी मोटारीसारखी रेषेत चालत नाही. वारा आडवा असतो, पाणी खांबाशी घुसळतं, समोरून दुसरी होडी येते, आणि रात्री जाळं ओढून दमलेला माणूस इंजिन बंद पडल्यावर ब्रेक लावू शकत नाही. त्यांनी मागितलं ते १६० ते २०० मीटर.

वाटाघाटी, मोर्चे, पोलीस. २०२१ मध्ये होड्या नेऊन काम अडवलं. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं मान्य केलं: १२० मीटर. सातव्या आणि नवव्या खांबामधला आठवा गाळायचा.

ज्या गावाला बोळातला ब्लॉक बसवून मिळायला पावसाळा उलटतो, त्याच गावानं राज्यातल्या एका महागड्या रस्त्याचा खांब काढायला लावला. खांब काढणं सोपं असावं.

१३.
त्या पट्ट्यातली पहिली धनुष्याकृती लोखंडी तुळई २६ एप्रिल २०२४ च्या पहाटे बसवली. वजन सुमारे दोन हजार टन. न्हाव्याहून बार्जवर आणली. रीत अशी: भरतीच्या पाण्यावर बार्ज खांबांच्या मध्ये न्यायचं, ओहोटी लागली की पाण्यासोबत बार्ज उतरतं आणि तुळई खांबांवर टेकते. दोन हजार टन खाली ठेवण्याचं काम समुद्राकडे.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा. त्या पहाटे वद्य द्वितीया. म्हणजे दीड.

कंपनीकडे भरतीचं छापील कोष्टक होतंच.

१४.
राजीव गांधी सागरी सेतू. ३० जून २००९ ला उद्घाटन. साडेपाच किलोमीटरहून थोडा जास्त. दुचाकी नाही, तीनचाकी नाही, पायी नाही. किल्ल्याच्या तटावर उभं राहिलं की समोर दिसतो, वरच्या गाड्यांचे रंगही कळतात. त्यावर जायचं तर टॅक्सी करावी लागते.

किल्ला इंग्रजी काळातला, सतराव्या शतकातला. त्याची डागडुजी अधूनमधून होते. सेतूचा टोल रोज वसूल होतो.

१५.
गावाकडचे रस्ते दुष्काळानं केले. १९७२ ला सातारा, सांगली, नगर, सोलापुरात लोक खडी फोडायला बसले. ही रोजगार हमी योजना, तिच्यामागे वि. स. पागे. पुढे १९७७ ला कायदा झाला. लालबाग-परळच्या गिरण्यांत भाऊ तीन पाळ्यांत साचा चालवत होता आणि गावाकडे वहिनी ढिगानं मोजलेली खडी फोडत होती. मजुरी कामाच्या मापावर, माप मोजमाप वहीत.

या वहीविषयी आदर बाळगावा. कित्येक रस्ते फक्त तिच्यात गुळगुळीत आहेत.

१६.
गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू, मग कीर्तन. २००० च्या सुमारास त्यांच्या नावानं सरकारी स्वच्छता अभियान आलं. त्यात आधी समिती, मग पाहणी, मग बक्षीस.

१७.
२०२३ पासून मुंबई काँक्रीटची होते आहे. पहिल्या टप्प्यात सुमारे चारशे किलोमीटर, सहा हजार कोटींच्या घरात. दर्जा पाहायला आयआयटी नेमली. म्हणजे रस्ता करणाऱ्यावर पालिका, आणि दोघांवर प्राध्यापक.

जागेवरची चाचणी पाहायला गर्दी जमते. लोखंडी शंकू, उंची ३० सेंटिमीटर, त्यात ओलं काँक्रीट भरायचं, सळईनं ठोसायचं, शंकू सरळ वर उचलायचा. ढीग किती खचला ते मोजायचं. जास्त खचला तर बहुधा पाणी जास्त. पाणी घातलं की माल सहज पसरतो, मजुरांचा जीव वाचतो, रस्त्याचा जातो. एक कोळीण बघत उभी होती. तिला शंकूची गरज वाटली नाही: "भाकरीचं पीठ सैल झालंय, थापून काय उपयोग?" अभियंत्यानं हसून मान डोलावली आणि आकडा लिहून घेतला.

मरीन ड्राइव्हचं मूळ काँक्रीट १९४० च्या आसपासचं. सत्तर वर्षं चाललं. त्यावर आयआयटी नव्हती.

१८.
नारळी पौर्णिमेच्या आधी बंदराकडचा रस्ता नीट होतो. मिरवणुकीच्या वाटेपुरताच. गणपतीआधी विसर्जनाच्या वाटेपुरता. मंत्री येणार असतील तर त्यांच्या वाटेपुरता. उरलेल्या रस्त्यांनी एखादा उत्सव सुरू करायला हवा.

१९.
मुकादमाला विचारलं, "भाऊ, हा चर कुणी खणला?"
"आम्ही नाही, साहेब. आम्ही बुजवणारे."
"मग बुजवत का नाही?"
"खणणाऱ्याचं अजून संपलं नाही."

२०.
१३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यांचा दर ठरवून दिला. खड्ड्यानं किंवा उघड्या मॅनहोलनं जीव गेला तर वारसांना सहा लाख. जखमेला पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. पैसे त्या रस्त्याच्या मालकानं द्यायचे आणि जबाबदार अधिकाऱ्याकडून, कंत्राटदाराकडून वसूल करायचे.

कोळीवाड्यातल्या बोळात डुगडुगत्या ब्लॉकवर हातगाडी कलंडून कुणाचा पाय मोडला, तर तो यात बसतो का? आणि खांबाला होडी घासली तर ती? धनमिल नाक्याला गेलो की विचारीन. परिरक्षण खातं बुधवारी साइटवर असतं, असं शिपाई म्हणाला. कुठल्या साइटवर, ते त्याला माहीत नव्हतं.