वाचताना न दिसणारे अक्षर

डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थिनीची दोन प्रश्नांपासून सुटका नसते. पुढे काय करणार, आणि प्रेरणा कुठून घेतेस? प्रवेशअर्जात ते असतात, मुलाखतीत असतात, लग्नाच्या पंगतीतही असतात. पहिल्याचे उत्तर हुद्द्यात द्यावे आणि दुसऱ्याचे दोन-चार मोठ्या नावांत, अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. माझे उत्तर एका वाक्याचे आहे, पण ते ऐकून बहुतेक जण विषय बदलतात. मला मराठी पुस्तकाच्या मजकुरासाठी अक्षर घडवायचे आहे. शीर्षक, दुकानाची पाटी, मोबाइलवरचे बटन यांसाठी अक्षरे घडवणारे पुष्कळ आहेत. मला हवे आहे ते तीनशे पानांची कादंबरी वाचताना ज्याच्याकडे लक्षच जाऊ नये असे अक्षर. साहित्याच्या वाचकांपुढे हे मांडण्याचे कारण उघड आहे: या अक्षराचे खरे गिऱ्हाईक तेच आहेत.

मी अंधेरीत वाढले. या उपनगरात अक्षरांची वाण कधीच नव्हती. चित्रपट आणि मालिकांची कार्यालये, जाहिरातसंस्था, औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांवरच्या पाट्या, स्थानकावरचे तीन भाषांतले फलक आणि २०१४ पासून धावणाऱ्या मेट्रोवरच्या सूचना. यातले बहुतेक अक्षर ओरडते, आणि त्याला ओरडणे भागही आहे. रिक्षातून जाणाऱ्या माणसाने ते क्षणभरात वाचायचे असते. पण याच अंधेरीच्या पूर्वेला महाकाली लेणी आहेत. गावाच्या जुन्या नावावरून त्यांना कोंडिविटे लेणी असेही म्हणतात. तिथल्या चैत्यगृहात स्तूपाभोवती दगडातच कोरलेली गोल कुटी आहे, तिला जाळीच्या खिडक्या आहेत, आणि तिथेच भिंतीवर ब्राह्मी लिपीत, पाली भाषेत एक दानलेख आहे. अक्षरांना डोक्यावरची रेघ नाही, जाड-बारीक भेद नाही; छिन्नीने जे सहज होते तेवढेच आहे. शिरोरेघ आणि जाड-बारीक वळणे पुढे आली. त्यातले जाड-बारीक वळण तिरका कापलेला बोरू कागदावर फिरू लागला तेव्हा रुजले. हत्यार बदलते तसे अक्षर बदलते, हा धडा मला पुस्तकाच्या आधी या भिंतीने दिला.

दुसरा धडा घरातला आहे. माझे आजोबा गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, त्यामुळे त्यांना उलटे वाचण्याची इतकी सवय होती की सुलटे वाचताना आपण रजेवर आहोत असे वाटते, असे ते म्हणत. नवे पुस्तक हाती आले की ते आधी वाचत नसत. पान हातभर दूर धरत आणि डोळे किंचित मिटून पाहत. पान सगळीकडे सारखे करडे दिसले पाहिजे, कुठे काळा डाग नको, कुठे पांढरी भेग नको. तसे असेल तर मान हलवत आणि मगच चष्मा लावत. चांगल्या जुळणीत जुळारी दिसत नाही, हे त्यांचे म्हणणे मी लहानपणी नम्रता समजत असे. आता ते मला एक तांत्रिक विधान वाटते, आणि फार अवघड विधान वाटते.

उलट दिशेची मोठी परंपराही मराठीत आहे आणि मी तिची चाहती आहे. मुलुंडला राहणारे कमल शेडगे २०२० च्या जुलैमध्ये गेले. मराठी नाटकांची नावे त्यांनी अशी रेखाटली की वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नुसते नाव पाहून नाटकाची जात कळावी. तिथे अक्षर स्वतः अभिनय करते. आपल्या अक्षरकलेचे कौतुक होते ते बहुधा या अभिनयाचे, आणि ते रास्तही आहे. परंतु नाटकाचे नाव एकदा वाचायचे असते. संहिता शंभर पाने असते. शंभर पाने अभिनय करणारे अक्षर कुणालाही सोसवणार नाही. तिथे गप्प राहू शकणारे अक्षर लागते, आणि गप्प राहणे हीदेखील घडवण्याचीच गोष्ट आहे.

असे अक्षर मुंबईने एकदा घडवले होते. जावजी दादाजी चौधरी यांचा निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये सुरू झाला. त्याच्या ओतशाळेसाठी राणोजी रावजी आरू यांनी देवनागरीचे साचे कोरले. संस्कृत ग्रंथ वाचणाऱ्या पिढ्यान् पिढ्या त्या खिळ्यांवर पोसल्या गेल्या. त्यांतल्या किती जणांना आरूंचे नाव ठाऊक असेल? साहित्याच्या इतिहासात लेखकाला जागा असते, संपादकाला आणि प्रकाशकाला थोडी असते. ज्या वळणातून सगळे वाचले गेले ते वळण ज्याने कोरले, त्याला बहुधा नसते.

माझ्या दृष्टीने या परंपरेतले सर्वांत जवळचे नाव र. कृ. जोशी यांचे. जवळचे हा शब्द मी अंतराच्या अर्थानेही वापरते आहे. उल्का जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक, मग पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक डिझाइन केंद्रात प्राध्यापक, आणि त्यानंतर जुहूच्या एनसीएसटीत, म्हणजे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालेल्या संस्थेत, त्यांनी काम केले. अंधेरी स्थानकावरून रिक्षाने जाण्याजोगी ही जागा. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट तिथला आणि त्यांचा. युनिकोडमधले मराठी ज्यांनी पहिल्यांदा विंडोजच्या संगणकावर वाचले, त्यांतल्या बहुतेकांनी ते मंगलमध्येच वाचले. जोशी कवीही होते, सुलेखनकारही होते, आणि २००८ च्या फेब्रुवारीत गेले. छपाईच्या शाईची आणि पडद्यावरच्या ठिपक्यांची, अशा दोन्ही भाषा जाणणारा माणूस माझ्या उपनगराच्या शेजारी बसून काम करत होता, हे कळल्यापासून ‘प्रेरणास्थान’ हा शब्द मला परका वाटत नाही.

आता खुद्द अक्षराकडे येते. मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ ही दोन वळणे आहेत. मराठी ‘ल’ला दोन पाकळ्या असतात आणि तो मधल्या देठाने रेघेला लटकतो, हिंदी ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो. ‘श’चेही तसेच. शाळेत आपण पाकळीचा ‘ल’ गिरवतो आणि पडद्यावर बहुधा दंडाचा वाचतो. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक एकच आहे, त्यामुळे रूप कोणते दिसावे हे फॉन्ट ठरवतो. भाषेनुसार रूप बदलण्याची सोय ओपनटाइप तंत्रात आहे. पण फॉन्टकाराने ती भरलेली असावी लागते, मजकुरावर ‘ही भाषा मराठी’ अशी खूण असावी लागते आणि दाखवणाऱ्या प्रणालीने ती खूण मानावी लागते. तीनांतला एक जरी चुकला तरी दंड उभा राहतो. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेविषयी निर्णय काढला आणि २०२२ च्या नोव्हेंबरात सुधारित निर्णय काढून पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह धरला. शासननिर्णयाने साचा मात्र कोरला जात नाही. या क्षणी आपल्यासमोर जो ‘ल’ आहे तो कोणता, हे लिहिताना मला ठरवता येत नाही, यातच सगळे आले.

‘ल’ हा निदान सवयीचा प्रश्न म्हणता येईल. ‘र’चा प्रश्न अर्थाचा आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत मराठी जो भेद करते त्यासाठी तिला रफाराखेरीज आडवा, चंद्रकोरीसारखा ‘र’ लागतो. हिंदीला त्याची गरज नाही. ज्या फॉन्टमध्ये याची नीट तजवीज नसते तिथे तो मोडतो, आणि शिक्षकाचा स्वयंपाकी व्हायला एवढे पुरते. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तोवर ‘अ’वर चंद्र बसवण्याच्या नाना क्लृप्त्या चालत. ओळींमधल्या अंतराचेही तेच. इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या चौकटीत मराठी ओतली की वरची मात्रा किंवा खालचा उकार कापला जातो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. दंडाच्या ‘ल’मुळे आजवर कुणाचे वाचन अडले? वळणे बदलतच असतात. आपणच मोडी सोडून बाळबोध घेतली. हे खरे आहे. रोजच्या हिशेबाची, पत्रांची, दप्तरांची मोडी छपाईच्या सोयीपुढे मागे पडली आणि विसाव्या शतकात शाळेतूनही गेली. आज आपल्याच पणजोबांचे पत्र वाचायला आपल्याला जाणकार शोधावा लागतो. माझा मुद्दा शुद्धतेचा नाहीच. बदल वाचकांनी आणि लिहिणाऱ्यांनी केला तर तो भाषेचा इतिहास होतो. कुणाच्या तरी यादीत मराठीसाठी वेगळा रकाना नव्हता म्हणून झाला, तर ती केवळ गैरसोय असते, आणि पुढे आपण तिलाच परंपरा म्हणू लागतो. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजात भाषेला स्वतःच्या वळणाची, वाचनासाठी बेतलेली चार-पाच तरी अक्षरकुटुंबे निवडीला असावीत, ही अपेक्षा मला मोठी वाटत नाही.

पोटापाण्याचा प्रश्न उरतो, आणि घरात रोज निघतो तो हाच. मजकुराचे एक अक्षरकुटुंब म्हणजे शेकडो आकृत्या: जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, लांबी बदलणाऱ्या वेलांट्या, आणि हे सगळे पुन्हा ठळक वजनात. यात वर्ष-दोन वर्षे सहज जातात. अंधेरीतल्या एखाद्या संस्थेत ॲपचे पडदे आखण्याचे काम मिळाले तर पहिल्या महिन्यापासून पगार सुरू होतो. मराठी प्रकाशकाच्या खर्चात कागद, छपाई आणि बांधणी असते. अक्षरासाठी वेगळी रक्कम क्वचितच असते. मुंबईतल्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखी अक्षरकुटुंबे खुल्या परवान्याने सर्वांना दिली आणि २०२२ मध्ये ‘अनेक’ हे नऊ भारतीय लिप्यांचे आणि रोमनचे कुटुंब आणले. हे काम पाहून मला धीर येतो. भारतीय अक्षरांवर जगता येते, हे आता निव्वळ स्वप्न राहिलेले नाही. मात्र अशा कामाला मोठ्या कंपन्यांचे पाठबळ लागते, आणि त्यांना बहुतेक वेळा पडद्यासाठी अक्षर हवे असते. पुस्तकाच्या पानासाठी अक्षर मागणारा अजून कुणी पुढे येताना दिसत नाही.

अशा वेळी मला अरुण कोलटकर आठवतात. त्यांनी १९५७ मध्ये जे. जे. मधून पदविका घेतली आणि आयुष्यभर चरितार्थ जाहिरातक्षेत्रात केला. ‘जेजुरी’ १९७६ साली आली, ‘भिजकी वही’ २००३ साली. नोकरी एका बाजूला आणि कविता दुसऱ्या, असे त्यांच्याविषयी सर्रास बोलले जाते. मला ते पटत नाही. ‘जेजुरी’ ज्या क्लिअरिंग हाउसने काढली त्या कवींच्या गटात ते होते, आणि त्या पुस्तकांची मुखपृष्ठेही त्यांनी केली. वस्तूकडे न चुकता पाहणारा डोळा दोन्हीकडे एकच होता. एका कामाने दुसऱ्याला वेळ मिळवून द्यावा आणि दोन्ही कामांनी एकमेकांचा डोळा शाबूत ठेवावा, एवढे त्यांच्याकडून घेतले तरी माझी सोय होते.

म्हणून माझा बेत साधा आहे. दिवसा नोकरी करायची. पडदे आखायचे, आणि त्या पडद्यांवरचा उकार कापला जाणार नाही एवढे तरी पाहायचे. उरलेल्या वेळात एकच अक्षरकुटुंब करायचे, एकाच आकारासाठी, पुस्तकातल्या मजकुराच्या आकारासाठी. सुरुवात ‘ळ’, ‘ल’, ‘श’, ‘ण’ आणि तो आडवा ‘र’ यांच्यापासून, कारण मराठीची चाल यांतच दिसते. कसोटीला कविता घेणार नाही; कवितेभोवती मोकळी जागा असते आणि ती पुष्कळ दोष झाकते. संवादांनी भरलेले, जोडाक्षरांनी गजबजलेले, सलग गद्य घेईन.

आणि ते शिकवणाऱ्यांच्या हाती देईन. आपण विद्यार्थ्यांना ओळीचा अर्थ विचारता. एकदा ओळ वाचताना डोळा कुठे थांबला तेही विचारून पाहावे. त्याची उत्तरे कुठल्याही डिझाइनच्या ग्रंथात मिळत नाहीत. जिथे डोळा थांबला तिथे माझे काम अपुरे आहे. आणि पन्नास पाने वाचून कुणी फक्त कथेविषयी बोलू लागला, अक्षराविषयी एक शब्दही काढला नाही, तर ते पान मी आजोबांसारखे हातभर दूर धरून पाहीन.