पोटखराबा

आमची पवना समुद्राकडे पाठ फिरवून वाहते. सह्याद्रीच्या माथ्यावरून पश्चिमेस उडी घेती तर तिला लवकरच समुद्र भेटता. परंतु ती पूर्वेस वळते, काळेवाडीवरून दापोडीस जाऊन मुळेला मिळते, आणि पुढे भीमा-कृष्णांच्या संगतीने सारे दख्खन ओलांडून पूर्वसमुद्र गाठते. तेव्हा खाडी, भरती, तिवरे यांच्याशी काळेवाडीकरांस काय कर्तव्य, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न वावगा म्हणवणार नाही. भोवताली कारखाने, रस्त्यावर मोटारींची अखंड रांग. येथे धुराची चर्चा होते, चिखलाची होत नाही. परंतु या धुराचा नि त्या चिखलाचा हिशेब एकाच खातेवहीत मांडावा लागतो, आणि तो मांडण्याचे निमित्त आमच्या घरातच उत्पन्न झाले आहे.

दाभोळच्या खाडीकाठी आमच्या घराण्याचे सुमारे दोन एकर खाजण आहे. पूर्वजांनी बांध घालून भरतीचे पाणी अडविले आणि खाऱ्या जमिनीत तगणारे तांबडे भात तेथे पिकविले. चाळीसएक वर्षांपूर्वी तो बांध फुटला. पोटासाठी मुंबई-पुण्यास पांगलेल्या भाऊबंदांपैकी कोणीच तो पुन्हा बांधला नाही, आणि समुद्राने आपले होते ते परत घेतले. आज तेथे तिवर आणि चिपी दाट माजली आहेत. सातबाऱ्यावर त्या जागेची नोंद ‘पोटखराबा’ अशी आहे. म्हणजे लागवडीस निरुपयोगी. गेल्या चैत्रात चुलतबंधूंचे पत्र आले, की बांध घालावा, मातीचा भराव टाकावा व भूखंड पाडून विकावे. हिस्सेदार या नात्याने आपली संमती कळवावी.

निरुपयोगी म्हणून हिणविलेला हा चिखल काय करतो, ते कोणत्याही गृहिणीस सहज समजेल. कैरीचे लोणचे वर्षभर टिकते, कारण त्यात मीठ असते आणि वर तेलाचा थर असल्यामुळे हवा आत शिरत नाही. तो थर मोडला की बुरशी आलीच. खाजणात हेच घडते. झाडे हवेतील कर्बवायू (शास्त्रज्ञांचा कार्बन डायऑक्साइड) शोषून पाने, लाकूड आणि मुळे करतात. डोंगरावरील अरण्यात गळलेले पान कुजते आणि त्यातील कर्ब लवकरच पुन्हा हवेत जातो. खाडीत मात्र ते पान, ती मेलेली मुळे, भरतीच्या गाळाखाली दबतात. तेथे प्राणवायू पोचत नाही. म्हणून कुजणे अतिमंद होते, आणि थरावर थर चढून शतकानुशतके तो कर्ब मुरत राहतो. गोड्या पाण्याच्या दलदलीतून मिथेन वायू पुष्कळ निघतो. समुद्राच्या पाण्यातील गंधकाच्या क्षारांमुळे येथे तोही थोडाच होतो. खाजणात पाय रुतला म्हणजे सडक्या अंड्यासारखा दर्प येतो, तो याच गंधकाचा. (आमच्या घरात अंडे येत नाही; पण दुसरी उपमा सापडत नाही.)

संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या अहवालापासून समुद्रकाठच्या या साठ्यास ‘निळा कर्ब’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. मी तुडविलेला चिखल तरी काळाच होता! २०११ मध्ये हिंदी व प्रशांत महासागरांच्या टापूतील २५ कांदळवनांची मोजणी प्रसिद्ध झाली. तीत दर हेक्टरी सरासरी १,००० टनांहून थोडा अधिक कर्ब भरला, आणि त्याचा बहुतेक भाग झाडांत नसून मातीत होता. चाळीस वर्षांच्या आमच्या वनात तो पुष्कळच कमी असणार. म्हणून मी चौथाईच धरली: दोन एकरांत सुमारे २०० टन. खाजण कोरडे केल्याने त्यातील निम्माच हवेत गेला असे मानले, तरी एक टन कर्बापासून ३.६७ टन कर्बवायू होतो, या न्यायाने ३६७ टन वायू सुटेल. तेवढा धूर काढावयास दीड लाख लिटरांहून अधिक पेट्रोल जाळावे लागते. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे २८० भाग होते, ते आज ४२० च्या वर गेले आहेत. त्यात आमच्या घराण्याने आपली भर का घालावी?

हा हिशेब मी रात्रीच्या जेवणानंतर घरात वाचून दाखविला. तेव्हा सूनबाईने विचारले, “मामंजी, झाडास कोयता लावायचाच नाही, पूर्वजांचाच बांध तेवढा दुरुस्त करायचा, यात दोष तो कोणता?” प्रश्न मार्मिक होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यभर कांदळवनाच्या तोडीस बंदी केली, आणि जमीन खाजगी असली तरी कांदळवनाभोवती ५० मीटरपर्यंत बांधकामास मनाई केली. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी कोयता लागत नाही. भरतीचे तोंड बुजविले म्हणजे तिवरे उभ्या जागी वाळतात, आणि मग ती ‘आपोआप मेली’ असे सांगता येते. पूर्वजांस मी बोल लावीत नाही. त्यांनी बांध घातला तो चुलीवर भात शिजावा म्हणून. भूखंडांचे जाहिरातपत्रक छापावे म्हणून नव्हे.

चिरंजीवांचे म्हणणे वेगळे. दुसरीकडे दुप्पट झाडे लावून फिटंफाट करावी, असे ते म्हणतात. सरकारचीही रीत तीच आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार कांदळझाडे तोडण्यास न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये अनुमती दिली, तीही भरपाईच्या लागवडीचा विचार करूनच. राष्ट्रकार्य म्हणून त्याविषयी मतभेद असू शकेल. परंतु रोप लावता येते, मुरलेला गाळ लावता येत नाही. नव्या बरणीत आज कैरी घातली म्हणून आजीच्या हातचे जुने लोणचे परत मिळत नाही. शिवाय समुद्राची पातळी वाढत आहे. कांदळवनास तिच्याबरोबर जमिनीकडे मागे सरकावयाचे झाले, तर पाठीमागे मोकळी जागा हवी, आणि आमच्या भाऊबंदांच्या नकाशात नेमका तेथूनच रस्ता काढला आहे.

मी संमती दिलेली नाही. सात हिस्सेदारांपैकी चौघांनी दिली आहे, दोघे गप्प आहेत. थोरल्या वन्संनी तेवढे कळविले आहे की, सही करण्यापूर्वी एकदा ओहोटीच्या वेळी खाजणात जाऊन येईन. पण डोलीची व्यवस्था तुम्ही करा.