दुपारची तहान

योहानानं आपल्या शुभवर्तमानात वेळ नोंदवून ठेवली आहे: भर दुपार. चालून चालून थकलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसला होता. शिष्य खायला काही आणावं म्हणून गावात गेले होते. तेवढ्यात एक शोमरोनी बाई घागर घेऊन आली आणि त्यानं तिच्याकडे पाणी मागितलं. यहुद्यानं शोमरोन्याच्या भांड्याला तोंड लावायचं नाही, हा तिथला रिवाज. त्यामुळे आधी चकित झाली ती बाईच.

ही गोष्ट मला बिलोलीच्या मे महिन्यानं समजावली. मांजरेच्या पात्रात तेव्हा वाळूच वाळू दिसते, रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही, आणि त्या वेळी दारात उभा राहून पाणी मागणारा माणूस खरोखरच तहानलेला असतो. आमच्या भागात कुणाच्या हातचं पाणी कुणाला चालतं, याचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालला. वरून ओतलेलं पाणी ओंजळीत झेलून पिणारी माणसं माझ्या आजीच्या पिढीत होती. अशा माणसांपुढे देव स्वतः ओंजळ धरून उभा राहतो, त्यांच्या घागरीतलं पाणी मागतो. आजवर ऐकलेल्या कुठल्याही प्रवचनापेक्षा हे मला मोठं वाटतं. देव जवळ आहे म्हणजे तो आपलं रक्षण करतो, एवढंच आपण बहुधा धरून चालतो. इथं तर तो आपल्याकडे काही मागायला आला आहे.

माझी माय प्रार्थनेला वेगळी बसत नसे. भाकरी थापताना, तूर निवडताना, निंदायला जाताना तिचं बोलणं चालूच असायचं. "प्रभू, आज कुणाच्या रानात काम लागंल बघ. आन्‌ गुडघ्याचं तेवढं मनावर घे." मोठ्या माणसांशी ती पदर सावरून बोलायची, त्याला मात्र अरेतुरे करायची. विठ्ठल जिच्यासोबत दळायला बसला ती जनाबाई गंगाखेडची, याच गोदाकाठची. तीच गोदावरी खाली येऊन मांजरेला भेटते. म्हणून कामाच्या बाईजवळ येऊन बसणारा देव आमच्याकडे परदेशातून आला, असं मला कधीच वाटलं नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण ख्रिस्ताला आळवताना ते अभंगाकडेच वळले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मानत. त्यांची गीतं आमच्या घरांत अजून गायिली जातात.

येशूच्या आयुष्यातली पहिली तीसेक वर्षं शुभवर्तमानांनी जवळजवळ कोरीच ठेवली आहेत. नासरेथमधला सुतार, एवढंच कळतं. लाकूड तासणं, गिऱ्हाइकाची वाट पाहणं, हाताला घट्टे पडणं. ही वर्षं निव्वळ तयारीची होती, असं मला म्हणवत नाही. देव माणसांत राहिला तो मुख्यतः याच वर्षांत. चमत्कारांचा काळ त्यामानानं फारच थोडा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी बायबल सोप्या मराठीत आणलं आणि तिथल्याच बायकामुलींनी छापखान्यात त्याचे खिळे जुळवले. 1924 मध्ये तो ग्रंथ बाहेर आला, तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या आश्रयाला आलेल्यांत दुष्काळातून वाचलेल्या कितीतरी मुली होत्या. सुताराच्या घट्टे पडलेल्या हातांसोबत शाईनं काळी झालेली ती बोटंही मला पुष्कळदा आठवतात.

बिलोलीहून सीमा ओलांडली की निजामाबादचा मुलूख लागतो. तिथल्या डिचपल्लीला इझाबेल कर या डॉक्टरबाईंनी 1915 मध्ये कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना उभारला. ज्यांना घरच्यांनीही दूर केलं होतं, त्यांच्या जखमा तिथं हातांनी धुतल्या गेल्या. येशूनं कुष्ठरोग्याला बरं केलं तेव्हा आधी हात लावला, हे मार्क आवर्जून सांगतो. नुसत्या शब्दानंही बरा करता आला असता.

पण मराठवाड्यात एक प्रश्न टाळता येत नाही. शेतात गेलेला बाप परत आला नाही, अशा घरात देव जवळ आहे हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तिथं वचनं म्हणून दाखवणाऱ्यांचा मला राग येतो. लाजराच्या कबरेपाशी येशू आधी रडला. जो मेला त्याला आपण उठवणार हे ठाऊक असूनही रडला. आणि क्रुसावर, तू मला का सोडलंस, हा प्रश्न त्यानं स्वतःच विचारला. त्या घरी गेल्यावर मीही आधी ओसरीवर गप्प बसावं, चुलीला जळण आहे का बघावं, पोरांच्या फीची चौकशी करावी, एवढंच मला त्याच्याकडून शिकता आलं आहे.

रविवारी कुणाच्यातरी घरी प्रार्थनेला जमलो की बायका साक्ष देतात. म्हैस नीट व्यायली, पोराचा ताप उतरला, एसटी चुकता चुकता मिळाली. एवढ्याशा गोष्टींत देवाला कशाला ओढायचं, असं शिकलेल्या पोरांना वाटतं. मला या साक्षी फार प्रिय आहेत. डोक्यावरचे केसही मोजलेले आहेत, असं ज्यानं सांगितलं, त्याला म्हशीचं काय वावडं?

लूकनं सांगितलेल्या अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे असेच साधे होते. सोबत चालणारा अनोळखी माणूस त्यांना ओळखू आला नाही. सांज झाली, आता कुठं जाता, म्हणून त्यांनी त्याला आग्रहानं घरात घेतलं. त्यानं भाकर मोडली तेव्हा त्यांना तो कळला, आणि कळताक्षणी दिसेनासा झाला. ते दोघे मात्र जेवायला थांबले नाहीत. पायांत दिवसभराची चाल होती, बाहेर अंधार पडत होता, तरी उठले आणि यरुशलेमची अकरा-बारा किलोमीटरची तीच वाट पुन्हा चालू लागले, बाकीच्यांना सांगायला.