संझगिरींचं मराठी, माझं मराठी

द्वारकानाथ संझगिरी ६ फेब्रुवारी २०२५ रोजी गेले, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. मुंबई महापालिकेत अभियंता असलेला हा माणूस क्रिकेट आणि सिनेमावर लिहायचा. ‘एकच षटकार’ पाक्षिक, वर्तमानपत्रं, पुस्तकं, मग वाहिन्यांचा पडदा आणि रंगमंच. सगळीकडे भाषा तीच, गप्पांची.

आमच्या अमळनेरला घरात उर्दू, गल्लीत अहिराणी. मराठी शाळेपुरतं. त्यांचे लेख वाचताना मी पहिल्यांदा मराठीत हसलो.

भारत-पाकिस्तान सामना असला की दुकानावर कुणीतरी विचारायचंच, “तुम्ही कुणाच्या बाजूने?” त्यांचे लेख वाचताना हे सिद्ध करत बसावं लागत नव्हतं. १९८३च्या अंतिम सामन्यात १८३ धावा करूनही आपण वेस्ट इंडिजला ४३ धावांनी हरवलं. त्या संघात किरमाणी, बिन्नी, संधू होते. सगळे आपले. वाचणारा मीही आपलाच.

साने गुरुजींनी जिथे शिकवलं, त्या गावात मराठी माझंही आहे, हे मला एका क्रिकेटलेखकाने पटवलं. मुलगी विचारते, “अब्बू, तुम्ही मराठीत का लिहिता?” मी तिच्या हातात संझगिरींचं पुस्तक देतो.