बारक्या आणि समुद्राची गुहा

आमचे गाव सावित्री नदीच्या काठी, पोलादपूरच्या अंगाला आहे. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, महाडवरून पुढे जाते आणि अरबी समुद्राला मिळते, हे आम्ही भूगोलात घोकून पाठ केले होते. पण ती समुद्राला कशी मिळते ते आमच्यापैकी कुणीच पाहिले नव्हते. त्यामुळे यंदाची सहल हरिहरेश्वरला न्यायची असे गुरुजींनी सांगताच सातवीच्या वर्गात एकच गलका झाला.

पहाटे पाचला एस. टी. निघाली. माणगाव, म्हसळा करत नऊच्या सुमाराला आम्ही पोचलो. देवळात दर्शन घेतले आणि मग गुरुजी व बाई आम्हांला प्रदक्षिणेच्या वाटेने घेऊन निघाले. आधी डोंगरावर चढायच्या पायऱ्या, मग दोन कातळांच्या मधल्या अरुंद घळीतून खाली उतरायचे. उतरलो आणि समोर समुद्र! सगळेजण एकदम गप्प झालो. एवढे पाणी कुणी पाहिले होते?

डोंगराच्या पायथ्याशी अंगणासारखा सपाट काळा कातळ पसरला होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उभा कडा. कड्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके. मला वाटले कुणी पाथरवटाने कोरली असतील. गुरुजी हसले. म्हणाले, "पाथरवट समोरच उभा आहे." मग त्यांनी समजावून सांगितले. हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. लाट आपटली की भेगेत अडकलेली हवा दाबली जाते, लाट मागे गेली की सुटते. शिवाय लाट वाळू आणि गोटे आणून कातळ घासते. भेग रुंदावते, कपार होते, कपारीची गुहा होते. पुढे गुहेचे छप्पर कोसळते, कडा मागे सरतो आणि खाली हा सपाट ओटा उरतो. त्याला तरंगघर्षित चबुतरा म्हणतात. छोटी भोके मिठाची करणी. खारे पाणी दगडात मुरते, वाळते, मिठाचे कण फुगतात आणि दगडाचा भुगा पाडतात.

गुरुजींनी दक्षिणेकडे बोट दाखवले. तिकडे बाणकोटच्या खाडीतून आमची सावित्री समुद्रात येत होती. आमच्या घाटावर धुणी धुतलेले पाणी इथवर येते, याची मोठी मौज वाटली.

वर आल्यावर गुरुजींनी ताकीद दिली, "आता कुणीही खाली जायचे नाही. भरती सुरू झाली आहे."

आता जे लिहितो ते माझ्या चुकीचे आहे.

दुपारी डबे खाऊन झाले. बाकीची मुले वाळूत खेळत होती. मी, माझा चुलतभाऊ आणि बारक्या असे तिघे हळूच सटकलो. बारक्या म्हणजे आमच्या वर्गात सगळ्यात लहान चणीचा. त्याला यायचे नव्हते. मीच म्हणालो, "भित्रा कुठला! सकाळची गुहा आतून बघायची नाय काय?" तेव्हा तो आला.

गुहेत अंधार होता. हाक मारली की आवाज घुमायचा. आत शिरताना पाणी घोट्याएवढे होते. बारक्या पार आत गेला, आम्ही दोघे तोंडाशी उंच कातळावर उभे. तेवढ्यात एक मोठी लाट आली आणि गुहेचे तोंड फेसाने भरून गेले. ती ओसरली, तर बारक्या कंबरभर पाण्यात भिंतीला चिकटून उभा! मी हाक मारली, पण माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

इतक्यात पाठीमागून कुणीतरी ओरडले. कालवं काढणारी एक म्हातारी आजी टोपली टाकून धावत आली. मला म्हणाली, "तू हालू नको!" मग बारक्याकडे बघून ओरडली, "बाला, आता येऊ नको, भिंत धर! लाट मागं गेली की पल!" दुसरी लाट आली. आजीने ती ओसरू दिली आणि ओरडली, "पल!" बारक्या धडपडत आला. आजीने त्याचा दंड धरून त्याला वर ओढले. त्याची एक चप्पल आणि आमचे सगळे शौर्य समुद्रात गेले.

घळीच्या पायऱ्यांवर आणून आजीने आम्हांला बसवले. म्हणाली, "आज तिथ कंची? सष्टी. सहाची पाऊणपट किती?" मी म्हटले, "साडेचार." "मग साडेचारला पुरी भरती. सहा तास मागं, साडेदहाला पुरी सुकती. आता अडीच वाजलं. पानी चढायचंच ना?" पाऊणकीचा पाढा मला येत होता. पण तो कशाला लागतो ते त्या दिवशी कळले. त्या गडबडीत आम्ही आजीचे नावही विचारले नाही.

गाडीत गुरुजींनी ओला बारक्या पाहिला. सगळी बोलणी त्यालाच बसली. त्याने आमची नावे सांगितली नाहीत. मी मान खाली घालून बसलो. महाड गेले, पोलादपूर आले, तरी मला तोंड उघडवले नाही. रात्री जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी गुरुजींना सगळे सांगितले. वाटले, छडी मिळणार. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधी बारक्याला सांग. आणि हे भित्तिपत्रकात लिही. पुढच्या वर्षीची पोरं वाचतील."

बारक्याला सांगितले. तो म्हणाला, "चप्पल भरून दे म्हणजे झालं." मी साठवलेल्या पैशांतून दिली.

मुलांनो, समुद्रावर जाल तेव्हा तिथी मोजा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा अंदाज आहे. नक्की वेळ तिथल्या माणसांना विचारा. आणि कुणी "नको" म्हणत असेल तर त्याला भित्रा म्हणू नका.