टॅग कुणी लावायचा?

क्लाउडमध्ये ठेवलेला पासवर्ड जपायला हवा, हे आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या पासवर्डवर लावलेल्या टॅगकडे, म्हणजे नाव आणि मूल्य लिहिलेल्या चिठ्ठीकडे, मात्र कुणी ढुंकून पाहत नाही. कंपन्यांच्या क्लाउड खात्यांची सुरक्षा पाहणं हा माझा व्यवसाय. त्यातला बराच वेळ कुठल्या वस्तूवर कुठला टॅग आहे, तो कुणी लावला आणि का लावला, हे शोधण्यात जातो. ऐकायला हे कारकुनी वाटतं. मलाही सुरुवातीची काही वर्षं तसंच वाटायचं.

चालत्या ॲपला डेटाबेसचा पासवर्ड लागतो, पेमेंट गेटवेची की लागते, एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचं टोकन लागतं. या सगळ्याला आम्ही सरसकट ‘सीक्रेट’ म्हणतो. पूर्वी ही सीक्रेट्स सरळ कोडमध्येच लिहिलेली असत. खरं तर अजूनही असतात. २०१६ मध्ये हल्लेखोर उबरच्या अभियंत्यांच्या खासगी गिटहब रिपॉझिटरीत शिरले. तिथे त्यांना ॲमेझॉनच्या क्लाउडची की सापडली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. कंपनीने हे जाहीर केलं ते २०१७ च्या नोव्हेंबरात. अशा प्रकारांवरचा उपाय म्हणजे सीक्रेटसाठी वेगळी सेवा. ॲमेझॉनची ‘सीक्रेट्स मॅनेजर’ एप्रिल २०१८ मध्ये आली. ॲपने सीक्रेट स्वतःजवळ बाळगायचं नाही, लागेल तेव्हा या सेवेकडे मागायचं. मागणाऱ्याचा अधिकार तपासून सेवा ते देते.

सीक्रेट तयार करताना त्याला नाव द्यावं लागतं आणि ते नाव नंतर बदलता येत नाही. मग लोक सगळा संसार त्या नावातच कोंबतात: वातावरण (प्रॉडक्शन की चाचणी), टीम, ॲप, डेटाबेस, सगळं तिरक्या रेघा देऊन एकापुढे एक. वर्षभरात टीमची फेररचना होते आणि नाव खोटं बोलायला लागतं. टॅग केव्हाही बदलता येतो. एका सीक्रेटवर ५० पर्यंत टॅग बसतात. टॅगचं नाव १२८ अक्षरांपर्यंत, मूल्य २५६ पर्यंत. मोठ्या-लहान अक्षरांत सेवा भेद करते, त्यामुळे मोठ्या ‘पी’चं ‘प्रॉड’ आणि लहान ‘पी’चं ‘प्रॉड’ ही तिच्या लेखी दोन वेगळी मूल्यं. हाताने टॅग लावलेल्या खात्यात ही दोन्ही सापडतात, शिवाय ‘प्रॉडक्शन’ही. म्हणून टॅग कोडमधूनच लावावेत.

कोड लिहिणं अवघड नाही. पायथनमधून ‘टॅग रिसोर्स’ला हाक मारायची, सीक्रेटचं नाव द्यायचं, टॅगांची यादी द्यायची. आधीचे बाकीचे टॅग जागेवर राहतात. त्याच नावाचा टॅग आधीपासून असेल तर त्याचं मूल्य न विचारता बदललं जातं. इथे नवशिके हमखास गोंधळतात ते तपासताना. सीक्रेट्सची यादी मागवणाऱ्या फंक्शनमध्ये शेवटच्या पाच मिनिटांतले बदल दिसतीलच असं नाही. टॅग लावला, यादी मागवली, दिसला नाही, म्हणून पुन्हा लावला, मग स्क्रिप्टमध्येच चूक शोधत बसले. ‘डिस्क्राइब सीक्रेट’ला विचारलं की ताजं उत्तर मिळतं. दुसरी डोकेदुखी टेराफॉर्मची, म्हणजे क्लाउडची मांडणी कोडमधून उभारणाऱ्या साधनाची. ज्या सीक्रेटचे टॅग टेराफॉर्म सांभाळतं, त्यावर वेगळ्या स्क्रिप्टने टॅग चिकटवला आणि टेराफॉर्मला तसं सांगितलं नाही, तर पुढच्या अप्लायला ते तो टॅग परका समजून काढून टाकतं.

ॲमेझॉनवर चालणारी स्क्रिप्ट जशीच्या तशी मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर या क्लाउडवर नेऊ नये. ॲमेझॉनमध्ये टॅग सीक्रेटला लागतो. आतला पासवर्ड कितीही वेळा बदला, टॅग तिथेच. ॲझ्युरच्या की व्हॉल्टमध्ये तो सीक्रेटच्या त्या-त्या आवृत्तीला लागतो, आणि मर्यादा १५ टॅगांची आहे. पासवर्ड बदलताना नवी आवृत्ती तयार होते, आणि टॅग पुन्हा दिले नाहीत तर ती कोरीच येते. टॅग पाहून चालणारी पुढची यंत्रणा त्या दिवसापासून आंधळी.

टॅगचं मूल्य कूटबद्ध नसतं. तरीही त्यात ‘जुना पासवर्ड अमुक’ असं लिहिणारे लोक आहेत. मालक म्हणून एखाद्याचा ईमेल किंवा मोबाइल लिहिणं त्यापेक्षा सभ्य, पण मला तेही पसंत नाही. माणूस नोकरी सोडतो, टॅग सोडत नाही. मालकाच्या जागी टीमचं नाव लिहावं.

इथवर टॅग म्हणजे नुसती नोंद आहे. पण परवानग्या टॅग वाचून ठरायला लागल्या की चित्र पालटतं. मोठ्या कंपनीत प्रत्येक टीमसाठी वेगळी पॉलिसी, म्हणजे परवानग्यांची नियमावली, लिहिणं कुणालाच परवडत नाही. म्हणून एकच नियम लिहितात: रोलवरचा (माणूस किंवा ॲप ज्या ओळखीने क्लाउडमध्ये वावरतं तिच्यावरचा) ‘टीम’ टॅग आणि सीक्रेटवरचा ‘टीम’ टॅग जुळला तर सीक्रेट वाचता येईल. नवी टीम आली की नव्या पॉलिसीची गरज नाही, टॅग पुरे. मला ही पद्धत मनापासून आवडते. मात्र ती स्वीकारली त्या क्षणी टॅग लिहिणं म्हणजे परवानगी देणं होऊन बसतं, आणि बहुतेक ठिकाणी ही गोष्ट कुणाच्या लक्षातच आलेली नसते.

उदाहरण घ्या. क्लाउडचा खर्च विभागवार पाहायचा म्हणून कुणी एक स्क्रिप्ट लिहितं. तिच्या रोलला सगळ्या सीक्रेट्सवर टॅग लावायची मुभा मिळते, कारण ‘नुसते टॅगच तर लावायचेत’. सीक्रेट वाचण्याची परवानगी त्या रोलला नसते, म्हणून तपासणीत तो निरुपद्रवी ठरतो. आता तो रोल ज्याच्या हाती आहे त्याने पेमेंटच्या सीक्रेटवरचा ‘टीम’ टॅग बदलून स्वतःच्या टीमचं नाव लिहिलं, तर आपल्या नेहमीच्या रोलने ते सीक्रेट तो उघडू शकतो. वाचल्याची नोंद होते, पण ती नियमात बसणाऱ्या वाचनाची.

उलटंही घडतं. टॅग चुकून बदलला तर ज्या ॲपचं सीक्रेट आहे त्यालाच दार बंद होतं, तेही लगेच नाही. ॲप सीक्रेट थोडा वेळ आठवणीत धरून ठेवतं. ॲमेझॉनच्या पायथन कॅशिंग लायब्ररीत ही मुदत मुळातच एका तासाची आहे. स्क्रिप्ट अकराला चालली, व्यवहार पावणेबाराला थांबले, आणि सगळे डेटाबेसला शिव्या घालतायत. सेवेने एक शहाणपण केलेलं आहे: टॅगच्या बदलामुळे बदलणाऱ्याचीच त्या सीक्रेटवरची परवानगी जाणार असेल, तर ती तो बदल अडवते आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणते. दुसऱ्या कुणाची परवानगी जाणार असेल तर मात्र हूं की चूं करत नाही.

गावाकडच्या लोकांना हे समजावताना मी सातबाऱ्याचा दाखला देते. फेरफाराची नोंद तलाठी घेतो, ती प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. जमीन जागची हलत नाही, पण नोंद बदलली की पुढचे सगळे व्यवहार बदलतात, म्हणून लिहिणारा आणि मंजूर करणारा वेगळे ठेवलेत. टॅगांच्या बाबतीत हीच विभागणी पॉलिसीतल्या अटींनी करता येते. खर्चाच्या स्क्रिप्टला फक्त खर्चाच्या टॅगला हात लावू द्यायचा. ‘टीम’ टॅग बदलायचा तो दुसऱ्याने तपासून मंजूर केलेल्या कोडमधून, आणि तो बदल करण्याचा अधिकार फक्त डिप्लॉयमेंट पाइपलाइनच्या रोलला. ‘टीम’ टॅग दिल्याशिवाय नवं सीक्रेट तयारच होऊ द्यायचं नाही. टॅग काढण्याची परवानगी, म्हणजे ‘अनटॅग रिसोर्स’, ही लावण्याहून वेगळी आहे. ती उघडी राहिलेली मी फार ठिकाणी पाहते.

मराठीत टॅग लावता येतील का, असं मला हौसेने विचारतात. माणसांच्या आणि ॲपच्या रोलचे टॅग सांभाळणारी ॲमेझॉनची आयएएम सेवा टॅगमध्ये अक्षरं, अंक, मोकळी जागा आणि मोजकी चिन्हं स्वीकारते. युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, उकार ही अक्षरं नाहीत, जोडचिन्हं आहेत. म्हणजे ‘नगर’ चालेल, ‘पुणे’ अडेल. रोलवर जे लिहिता येत नाही ते सीक्रेटवर लिहून जुळवायचं कशाशी? तूर्त रोमन लिपी, तीही सगळी लहान अक्षरांत.

जुन्या खात्यात हे सगळं आणायचं तर क्रम महत्त्वाचा. आधी सगळ्या सीक्रेट्सवर टॅग, मग एकेकाची ‘डिस्क्राइब’ने पडताळणी, टॅग लावण्याच्या अधिकारावर अटी, आणि शेवटी टॅग वाचणारी पॉलिसी. पॉलिसी आधी लावली तर टॅग नसलेलं प्रत्येक सीक्रेट त्याच दिवशी बंद पडतं. नवं खातं हाती आलं की मी याच्याही आधी क्लाउडट्रेल या ॲमेझॉनच्या नोंदवहीतली गेल्या ९० दिवसांची नोंद उघडते आणि ‘टॅग रिसोर्स’ व ‘अनटॅग रिसोर्स’ एवढंच गाळून घेते. पाइपलाइनच्या रोलने केलेले बदल बाजूला काढले की उरलेली यादी बहुधा छोटी असते. त्यात कुणा माणसाचा रोल दिसला, तर पुढचा फोन त्याला.